ज्वारीत ठेवलेला देव

अवसरी बुद्रुक,
६ ऑक्टोबर २०२५

चि. उज्ज्वला,

आशीर्वाद तुला शाळेत असतानाच भरपूर देऊन ठेवले आहेत. तू ते जपून वापरतेस, तेव्हा नवे आज धाडत नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू ‘बरं आहे सर, जेवलात का सर’ एवढंच बोलतेस आणि मागे कुणीतरी हिंदीत ओरडत असतं. शिवाय तुमच्या रेल्वेच्या आवारात ठिणगीच्या भीतीने मोबाइल फाटकावर ठेवून घेतात, हे तूच सांगितलं होतंस. माझ्या पत्राने ठिणगी उडत नाही. लग्नाआधी लिहिलेल्यांनीसुद्धा उडाली नव्हती, आमच्या हिला, शीलाला विचार.

दसरा झाला आणि मी राजुरीला गेलो. तुझ्या दादाभाऊने भैरोबाची ज्वारी बदलली होती. पुढचं सगळं तुला ठाऊक आहे, तरी मांडतो. मला तुझ्याकडून काहीतरी हवं आहे, आणि मागणाऱ्याने आधी हकिकत मांडावी.

पुणे-नाशिक रेल्वेची मोजणी झाली तेव्हा खुणेचा दगड नेमका तुमच्या बांधावर, भैरोबाच्या अंगणात आला. देव हलवायचा की नाही, म्हणून दादाभाऊने कौल लावला. तुमच्या घरची रीत अशी की विचारणारा आपला प्रश्न मनात विचारतो, आणि देवाच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवते ती सासरहून आलेली घरची लेक. तू मुद्दाम आलीस, फुलं लावलीस, उजवं पडलं, म्हणजे होकार. देव उठला. दादाभाऊने त्याला पत्र्याच्या कोठीत ज्वारीमध्ये ठेवला आणि सगळ्या भावकीसमोर बोलला, ‘पहिली गाडी बघशील त्या दिशी तुला नव्या जागी बसवीन. तवर ह्या घरात अक्षता पडायच्या न्हाईत.’ देवच जागेवर नाही तर नवरा-नवरीला पाया पडायला न्यायचं कुठे, हा त्याचा मुद्दा. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मीही मान हलवली.

शास्त्रात याला धान्याधिवास म्हणतात. प्रतिष्ठेआधी मूर्ती धान्यात ठेवतात, एक रात्र, फार तर तीन. आपल्या भैरोबाला चौथं वर्ष लागलं. उठवलेल्या जागी देव परत बसत नाही, आणि नवी जागा गाडी आल्याशिवाय नाही.

आणि गाडी आता येत नाही. खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीला विजेच्या गाड्यांचा त्रास होतो, म्हणून मार्ग आपल्या तालुक्याबाहेरून न्यायचं ठरलं, हे तूही वाचलं असशील. दादाभाऊने वाचलं नाही. त्याला वाचून दाखवलं, तर म्हणाला, पेपरवाल्यांना काय कळतंय.

इकडे दादाभाऊच्या हर्षालीची सुपारी फुटून वर्ष झालं. मुलगा ओझरचा, ऋषी, चांगला आहे, त्याची आई त्याहून चांगली, म्हणजे अजून गोड बोलते. पण पुढच्या मे महिन्यात अधिक ज्येष्ठ आहे, मग चातुर्मास. त्याआधी लग्न झालं तर झालं, असं त्यांनी साखरेत घोळवून सांगितलं आहे.

आता माझी मागणी. तू जी हायड्रोजनवरची गाडी बनवते आहेस तिला वर तार लागत नाही, असं वाचलं. तार नाही तर दुर्बिणीला त्रास नाही. त्रास नाही तर मार्ग परत आपल्याकडून. माझं तर्कशास्त्र कच्चं असेल तर दुरुस्त कर, पण दादाभाऊला वाचून दाखवता येईल असं काहीतरी लिही.

तुझा,
भगवंत सर

---

जींद,
१९ ऑक्टोबर २०२५

सर, नमस्कार.

तुमचं पत्र कॅन्टीनमध्ये वाचलं आणि एकटीच हसले. मग पुढचं वाचलं.

गाडीचं सांगते. डब्यात सिलिंडर असतात, त्यात दाबून भरलेला हायड्रोजन. तो आणि हवेतला ऑक्सिजन एका यंत्रात जवळ आणतात, त्यातून वीज निघते. त्या विजेवर मोटर फिरते. धूर नाही, फक्त पाण्याची वाफ. वर तार लागत नाही हे खरं. डिझेल इंजिनाच्या जागी ती छान चालेल, यावर माझा विश्वास आहे, म्हणून तर घर सोडून इथे आहे.

पण सर, पुढचंही ऐका. तार नसली तरी आतल्या मोटरी आणि सर्किट गोंगाट करतातच, दुर्बिणीला तो चालेल की नाही हे तिथले लोक सांगतील. आणि मुख्य म्हणजे, अशी गाडी जिथे रूळ आहेत पण तार नाही अशा ठिकाणी चालवतात. आपल्याकडे रूळच नाहीत. हायड्रोजन हा डिझेलला पर्याय आहे, रुळांना नाही.

एक गंमत तुम्हाला आवडेल. ती खोडदची दुर्बीण आकाशात जे ऐकत असते, त्यात बरंचसं हायड्रोजनच असतं. दूरदूरच्या ढगांमधलं.

दादाला हे सगळं वाचून दाखवा. सगळं.

तुमची विद्यार्थिनी,
उज्ज्वला

---

अवसरी बुद्रुक,
९ नोव्हेंबर २०२५

चि. उज्ज्वला,

आकाशातल्या हायड्रोजनसाठी जमिनीवरचा हायड्रोजन अडला, हे वाचून मी दोन दिवस खूश होतो. पाणी फोडायचं, त्यातून वायू काढायचा, मग तो पुन्हा जोडून पाणी करायचं आणि मधल्या मध्ये गाडी पळवायची, हा उद्योग मला थेट संसारासारखा वाटला. आमच्या हेडमास्तरांनी मात्र लगेच जाहीर केलं की पाण्यातला अग्नी आपल्या पूर्वजांना माहीत होता. मी म्हटलं, वडवानल माहीत होता, पण त्यावर बसून कुणी चाकणला गेल्याचं ऐकलं नाही.

आता खरं सांगतो. तुझं पत्र मी दादाभाऊला वाचून दाखवलं. मेंढरं वाड्यात घालून तो समोर उकिडवा बसला होता, पागोटं काढून मांडीवर. धूर नाही, वाफ, तार नाही, इथवर वाचलं तेव्हा त्याच्या तोंडावर असं काही आलं की मी थांबलो. तुझं ‘पण सर’ माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

माझा अंदाज होता की माणूस जरा सैल होईल आणि सैल झाला की लग्नाचं बोलता येईल. झालं उलटं. दुसऱ्या दिवशी त्याने गावभर सांगितलं की आपल्या उजीची बिनधुराची गाडी येतीय. ऋषीचे वडील तारीख धरायला आले, तर त्यांना म्हणाला, ‘पावणं, चार वर्सं थांबलो, आता गाडी दारात आल्यावर घाई कशाला?’ पावणं चहा न घेता गेले.

माझी चूक आहे. निस्तरायची कशी ते सुचत नाही.

भगवंत

---

जींद,
३० नोव्हेंबर २०२५

सर,

रागाने लिहीत होते, ते पान फाडलं. तुम्ही मला एकदा वर्गात सांगितलं होतं की अर्धा श्लोक म्हणून खाली बसलं तर म्हटलाच नाही असं धरतात. एवढंच म्हणते.

काल हर्षालीचा फोन आला होता. रडत नव्हती. शांतपणे विचारलं, ‘आत्या, कोठीत देव ठेवलाय का मला?’ 

दादाला मी फोनवर स्पष्ट सांगितलं की गाडी आपल्याकडे येणार नाही. तो म्हणाला, तू लांब हायेस, तुला हितलं म्हाईत न्हाई. नवस सोडवायला परत कौल लाव म्हटलं, तर म्हणाला, देवाला गाडी दाखवीन म्हनलोय, गाडी दावल्याबगर त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं जाऊ?

काहीतरी करा, सर. अधिक महिना लांब नाही.

उज्ज्वला

---

अवसरी बुद्रुक,
११ जानेवारी २०२६

चि. उज्ज्वला,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर महिनाभर बसलो होतो. ‘देवाला गाडी दाखवीन म्हनलोय.’ दाखवायचीच आहे ना? मग गाडी देवाकडे येत नसेल तर देवाने गाडीकडे जावं. तुमचा भैरोबा काही राजवाड्यातला देव नाही. तुमच्या वाडवडिलांनी त्याला मेंढरांबरोबर घाट उतरवून कोकणात नेला आहे, परत चढवला आहे. चालता देव आहे. त्याला हरियाणा काय लांब.

हे मी दादाभाऊपुढे मांडलं. त्याने कोठीचं झाकण उघडून आत बघितलं. मग म्हणाला, ‘आमच्या समद्या पिढ्या पायीच गेल्या, गुर्जी. देवाला तरी बसून जाऊ द्या एकदा.’ तेव्हा मला प्रथमच कळलं की हा माणूस गाडीसाठी एवढा का अडून बसला आहे. इतकी वर्षं मी त्याच्या घरी भाडेकरू होतो आणि कधी विचारलं नाही.

तर तो देवाला घेऊन फेब्रुवारीत तुझ्याकडे येतो आहे. गाडीची चाचणी लांबून का होईना, दाखव. मग तिथेच कौल लावायचा, हे त्याने स्वतः कबूल केलं आहे. फुलं अर्थात तू लावशील.

इथे थोडं शास्त्र सांगतो. शेंदूर ताजा, तेलाचा असेल तर फूल चांगलं धरतं. पाणी पुसट लावलं तर लवकर सुटतं. डाव्या आणि उजव्या खांद्याला सारखीच वागणूक द्यावी असं कुठल्याही ग्रंथात मी वाचलेलं नाही. यापुढे लिहीत नाही. तू हुशार आहेस, म्हणूनच भीती वाटते.

भगवंत

---

जींद,
२४ जानेवारी २०२६

सर,

माझं काम काय आहे माहीत आहे ना? गाडीच्या अंगावर जागोजागी मापक बसवले आहेत, त्यांचे आकडे बघायचे. आकडा आवडला नाही म्हणून मी आजवर बदललेला नाही. एकदा तसं केलं की पुढचा एकही आकडा खरा वाटत नाही.

दादाला पाठवा. गाडी दाखवते. फुलांचं तेव्हा बघू.

उज्ज्वला

---

जींद,
२२ फेब्रुवारी २०२६

सर,

दादा आजच परत निघाला. घर रिकामं वाटतंय, सगळीकडे ज्वारीचे दाणे सांडलेत.

स्टीलच्या डब्यात ज्वारी, ज्वारीत देव, आणि डबा मांडीवर. पुण्यापासून दिल्लीपर्यंत त्याने तो खाली ठेवला नाही. बाजूच्या पोराने खिडकीची जागा दिली तर देवासाठी घेतली. दिल्लीला स्टेशनवर डबा मशीनमधून गेला तेव्हा शिपायाने पडद्यावर काळा गोळा बघून विचारलं, ‘ताऊ, ये क्या है?’ दादा म्हणाला, ‘देव हाय.’ शिपायाने झाकण उघडलं, दाण्यांमध्ये शेंदूर दिसला, तसे हात जोडले आणि जाऊ दिलं. दादाला याचं फार अप्रूप. म्हणाला, मिशीनला बी दिसला.

बाहेरच्या माणसांना आवारात सोडत नाहीत. मी त्याला फाटकाजवळ, तारेच्या कुंपणापाशी नेलं. बरीच थंडी होती. दादाने ज्वारी बाजूला सारून देवाचा माथा उघडा केला आणि डबा उंच धरला. गाडी आली. तुम्ही कधी बघाल तर तुम्हाला हसू येईल, इतका कमी आवाज. टपावरून थोडी वाफ निघत होती. दादाने विचारलं धूर का, मी म्हटलं नाही, पाणी. तो म्हणाला, ‘मंजी घाम. आमच्यासारखीच हाये की, घाम गाळून चालती.’

गाडी गेल्यावरही हात वरच होते. शेवटी मीच डबा खाली घेतला.

घरी आल्यावर चौरंग मांडला. दादाने देवाला नवा शेंदूर लावला आणि शेवंतीची दोन फुलं माझ्या हातात दिली. मग डोळे मिटून प्रश्न विचारायला बसला. सर, त्याचं तोंड मला दिसत होतं. आणि मला हर्षालीचा आवाज ऐकू येत होता.

डावं फूल मी शेंदरात दाबलं. उजव्याला नुसतं ओलं बोट लावलं.

उजवं पडलं. वाट बघायलाही लागली नाही. दादाने डोळे उघडले, फूल उचलून कपाळाला लावलं आणि लहान पोरासारखा रडला. मग दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि गाढ झोपला. सकाळी निघताना म्हणाला, उजे, तुझ्यामुळं लई मोठं काम झालं.

तुम्ही राजुरीला जाऊन ओझरच्या लोकांना बोलवा. अक्षय तृतीया चांगली. मला रजा मिळेल.

हाताला अजून शेंदराचा वास येतोय. चार वेळा धुतला.

उज्ज्वला

---

अवसरी बुद्रुक,
८ मार्च २०२६

चि. उज्ज्वला,

तुझं पत्र आल्या आल्या राजुरीला गेलो. जाताना नारायणगावला पेढे घेतले. तेव्हा माझी प्रकृती उत्तम होती.

दादाभाऊ अंगणात बसला होता, चेहरा निवळलेला. हर्षालीने मला पाणी दिलं, तीही हसली. मी म्हटलं, दादाभाऊ, देव कुठे बसवायचा ठरवलंत? तो म्हणाला, कोठीत ठिवलाय परत, नवी ज्वारी घातली. मला वाटलं मुहूर्तापर्यंत. मी तारखेचं काढलं. तो माझ्याकडे बघत राहिला, जसा मी पोराकडे बघतो, ज्याला मुळाक्षरंच येत नाहीत.

‘कौल लागला की, गुर्जी. आता कशाला घाई?’

मी विचारलं, कौल कशाचा लागला. तू हे बसून वाच.

‘मी इचारलं, देवा, अशी गाडी आपल्या रानात येईल का? देवानं उजवं दिलं. झटक्यात दिलं. आजवर कवा येवढ्या झटक्यात दिलं नव्हतं.’

मी म्हटलं, अहो, पण विचारायचं होतं नवस सुटला का ते. तो म्हणाला, ‘नवस कशाला सुटंल? ती गाडी तिकडची. आमी बघून आलो, नमुना बघावा तशी. आपली यायचीय.’

मला वाटलं होतं प्रश्न ठरलेलाच आहे. तुलाही वाटलं. चार वर्षं आपण त्याच एका प्रश्नावर उभे होतो, त्याच्या मनात दुसरा प्रश्न असेल हे आपल्याला सुचलंच नाही. विचारायची रीतच तशी नाही.

हर्षाली दारात उभी होती. ती आत गेली. पेढे मी तिथेच ठेवून आलो.

भगवंत

---

जींद,
१५ मार्च २०२६

सर,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तो का रडला, आता कळलं.

त्याला सांगा. फोनवर मला जमणार नाही, तो आवाज ऐकून मी गप्प बसेन. तुम्ही समोर बसून सांगा की फूल मी पाडलं. देवाने काही सांगितलेलं नाही. तो मला घरात घेणार नाही, मला चालेल. हर्षालीचं होऊ दे.

या वेळी मध्ये थांबू नका.

उज्ज्वला

---

अवसरी बुद्रुक,
२८ एप्रिल २०२६

चि. उज्ज्वला,

उशिराबद्दल काही म्हणत नाही. सांगण्यासारखं झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं, आणि तसं झालं नाही.

पाडव्यानंतर गेलो होतो. मेंढरांच्या वाड्यात त्याच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. डावं दाबलं, उजव्याला नुसतं बोट, सगळं. थांबलो नाही. तो एका कोकराचा खूर बघत होता. बघून झाल्यावर त्याला सोडलं आणि माझ्याकडे वळला. चिडला असता तर मी तुला तारेने कळवलं असतं, तार बंद झाली असली तरी.

‘शिकल्याली मान्सं लई भोळी असत्यात, गुर्जी. तिनं पानी कमी लावलं. बरं. पर तसं लावायची बुद्दी तिला कुनी दिली?’

बुद्धी मी दिली होती, जानेवारीत, पोस्टाने. पण त्याने बोट वर केलं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. तीस वर्षं न्यायशास्त्राची पानं चाळली, पण या वाक्याचं खंडन मला त्या वाड्यात सुचलं नाही आणि परतीच्या एसटीतही नाही.

तुझ्यावर राग नाही. उलट म्हणाला, देवानं पोरीचा हात धरला, तिला उगीच वाटतंय आपुन केलं.

अक्षय तृतीयेला ऋषीचं लग्न झालं. मुलगी बेल्ह्याकडची. पत्रिका राजुरीला आली होती, ओझरचे लोक रीतीला पक्के. हर्षालीने स्वतः ती भिंतीतल्या देवळीत ठेवली. मी तिला म्हटलं, जाऊ नको. ती म्हणाली, ‘का? जेवण चांगलं असंल.’ गेली. पंक्तीत बसली. अक्षता पडताना उभी राहिली आणि सगळ्यांसारख्या टाकल्या.

एक उपाय राहतो. तू ये. कौल परत लाव. या वेळी प्रश्न त्याने मोठ्याने बोलायचा, अशी अट मी घालतो. फुलं सरळ लाव.

भगवंत

---

जींद,
५ जुलै २०२६

सर,

येणार नाही.

खूप विचार केला. समजा प्रश्न मोठ्याने विचारला. समजा फुलं सारखी लावली. डावं पडलं तर दादा मोडेल, आणि ते मी केलं असं मला वाटेल. उजवं पडलं तर मीच पाडलं असं वाटेल. कितीही सरळ लावलं तरी कुठलं फूल किती ओलं आहे ते माझ्या बोटाला कळणारच. आधी कळत नव्हतं. आता कळतं.

गाडीचं काम चांगलं चाललंय. आकडे बरोबर येतायत. मी ते दुसऱ्या कुणाकडून तपासून घेते.

हर्षालीला इकडे ये म्हटलं. कोर्स कर, नोकरी बघ. ती म्हणाली, कोठीतली ज्वारी कोण बदलणार?

उज्ज्वला

---

अवसरी बुद्रुक,
२२ ऑक्टोबर २०२६

चि. उज्ज्वला,

तुझ्या जुलैच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण त्यात चूक सापडली नाही. विद्यार्थ्यांची अशी पत्रं मास्तरला अडचणीत टाकतात.

दसऱ्याला राजुरीला होतो. एक गोष्ट तिथे बसल्यावर लक्षात आली, ती आपल्या कुणाच्याच बोलण्यात कधी आली नव्हती. फूल लावायला लग्न झालेली घरची लेक लागते. तू हात आखडलास, ते बरोबरच केलंस. मग उरली हर्षाली. तिला फूल लावता येईल लग्न झाल्यावर, आणि लग्न होईल देव बसल्यावर, आणि देव बसेल की नाही हे विचारायला फूल लावावं लागेल. अन्योन्याश्रय नावाचा दोष मी मुलांना फळ्यावर काढून शिकवतो. त्याला वय असतं आणि तो ज्वारी चाळत बसतो, हे कधी शिकवलं नव्हतं.

ज्वारीचं तुला माहीतच आहे. दरवर्षी बदलली की जुनी पोत्यात भरून ठेवायची. तीच हळद-कुंकवात रंगवून हर्षालीच्या लग्नात अक्षता म्हणून वाटायची, असं दादाभाऊने ठरवलं होतं. पोती माळ्यावर आहेत. यंदा देव बाहेर काढला, नवी ज्वारी घातली, देव परत ठेवला, सगळं हर्षालीनेच केलं. मग ती माळ्यावर चढली. पोती एकेक खाली ढकलली, अंगणात ओढत आणली, तोंडं सोडली आणि ज्वारी मेंढरांपुढे ओतली. निम्मी पिठासारखी झाली होती, किडे चालत होते.

मी दादाभाऊकडे बघत होतो. आज तरी तो ओरडेल, काठी घेईल, काही फुटेल, असं वाटलं. मला ते हवं होतं. तो उठला, मेंढरं एकमेकांवर चढू नयेत म्हणून ज्वारी पायाने पसरली आणि म्हणाला, ‘ब्येस केलं, पोरी. जुन्याला कीड लागती. गाडी आली की ताज्या अक्षता करू.’

हर्षालीने कोठीचं झाकण लावलं आणि त्यावर बसली. देव आत, ती वर. तसं बसायचं नसतं हे तिला ठाऊक आहे. ती मेंढरांचं खाणं बघत राहिली. तिला कुणी ऊठ म्हटलं नाही.

निघताना दादाभाऊ फाट्यापर्यंत सोडायला आला. तुझ्यासाठी निरोप दिला आहे: ‘उजीला म्हनावं, गाडीला तगादा लावू नको. सावकाश येऊ दे. आमी हायेच.’

या वेळी मी मध्येच थांबलेलो नाही. निरोप एवढाच होता.

भगवंत